बाई, तुम्ही बी.एस्सी. ना?

१९९४ च्या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. गणिताचे सर ३१ मे रोजी निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरायला परवानगी आली नव्हती. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, तुम्ही बी.एस्सी. ना?" मी म्हटलं, "हो सर, पण वनस्पतीशास्त्रात." ते म्हणाले, "सायन्स ते सायन्स. सहावीच्या दोन तुकड्यांचं गणित तुमच्याकडे." वेळापत्रकाचा कागद त्यांनी पुढे सरकवला. त्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं.

सरांना दोष देत नाही. त्या वर्षी ते स्वतः आठवीचं हिंदी घेत होते आणि त्यांची पदवी अर्थशास्त्राची होती. माण तालुक्यातली शाळा, पट जेमतेम, मंजूर पदं मोजकी. तास रिकामा ठेवण्यापेक्षा कुणीतरी उभं केलेलं बरं, हा त्यांचा हिशोब होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांचं वेळापत्रक आजही याच हिशोबावर चालतं. पी.टी.चे सर इतिहास घेतात, चित्रकलेच्या बाई नागरिकशास्त्र. आमच्याकडे एक वर्ष असंही गेलं की नुकतेच आलेले गणिताचे सर नववीचं जीवशास्त्र घेत होते आणि मी दहावीचं गणित. पुनरुत्पादनाचा धडा त्यांनी "घरी वाचून या" म्हणून उरकला. मी बाजूच्याच वर्गात कर्कटक घेऊन वर्तुळाशी झगडत होते.

माझं गणित १९८१ साली दहावीला संपलं होतं. अकरावीला 'बी ग्रुप' घेतला, म्हणजे गणिताऐवजी भूगोल. पुढे बी.एस्सी.ची तीन वर्षं पानांचे छेद घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि वनस्पती वाळवून कागदावर चिकटवायच्या. मग बी.एड., तेव्हा एका वर्षाचं. माझ्या दोन मेथड विज्ञान आणि भूगोल. सराव पाठांत मी हरितद्रव्य आणि मोसमी वारे शिकवले होते. गणिताशी माझा संबंध वाण्याच्या बिलापुरता उरला होता.

सहावीचं पुस्तक हातात घेतलं तेव्हा मात्र धीर आला. सगळी उदाहरणं मला सुटत होती. शिकवणं आणि सोडवणं एकच, असं मी तेव्हा समजत होते.

ऑगस्टमध्ये अपूर्णांकांचा भागाकार आला. फळ्यावर लिहिलं : पावणेदोन भागिले अर्धा. अंशाधिक करून घ्या, दुसरा अपूर्णांक उलटा करा, भागाकाराच्या जागी गुणाकार. उत्तर साडेतीन. मुलांनी वहीत उतरवलं. बी.एड.ला शिकवलेलं आठवलं, की व्यवहारातलं उदाहरण द्यावं. म्हणून मी पुढे म्हटलं, "समजा आईने पावणेदोन भाकऱ्या केल्या आणि दोघा भावंडांना निम्म्या निम्म्या वाटल्या..."

तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, मुळात दोन भाकऱ्यासुद्धा नव्हत्या. मग एकेकाला साडेतीन कशा?"

वर्ग हसला. मी फळ्याकडे पाहिलं. रीत बरोबर होती, उत्तर बरोबर होतं आणि माझं उदाहरण त्या उत्तराशी जुळत नव्हतं. का जुळत नाही, हे मला कळेना. शाळेत असताना मीही ही रीत पाठच केली होती, त्यामुळे तिच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "उदाहरण राहू दे, नियम पाठ करा." ती मुलगी खाली बसली.

ती पुढे दहावीला गणितात नापास झाली. ते माझ्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. मध्ये चार वर्षं आणि आणखी दोन शिक्षक होते. पण सहावीत तिला अगदी बरोबर प्रश्न पडला होता आणि मी तिला खाली बसवलं, एवढं मला पक्कं माहीत आहे.

गावात एक निवृत्त गुरुजी होते. जुन्या फायनल परीक्षेनंतर ट्रेनिंग घेतलेले, पदवी नाही. तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला सोडवायला एकही उदाहरण दिलं नाही. घरातून एक भाकरी आणि आणखी पाऊण भाकरी आणून ताटात ठेवली आणि म्हणाले, "बाई, यात अर्ध्या भाकऱ्या किती, ते मोजा."

एका भाकरीच्या दोन अर्ध्या. पाऊण भाकरीतून आणखी एक अर्धी. तीन झाल्या. ताटात एक पाव तुकडा उरला. मी म्हटलं, "तीन आणि पाव. म्हणजे सव्वातीन?" गुरुजी हसले. "भाकरी म्हणून तो तुकडा पाव आहे. पण तुम्ही मोजताय कशाने? अर्ध्या भाकरीच्या मापाने. त्या मापाचा तो निम्मा. साडेतीन."

अर्ध्याने भागणं आणि निम्मं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी वर्गात आईला भाकऱ्या वाटायला लावल्या होत्या, म्हणजे दोनने भागायला लावलं होतं. बी.एस्सी., बी.एड. झालेल्या मला हे एकोणतिसाव्या वर्षी एका ताटाशी बसून कळलं.

त्यानंतर अकरा महिने, सकाळी सहा ते सात, मी त्यांच्याकडे जात होते. त्यांची पद्धत विचित्र होती. माझ्या मुलांच्या वह्या ते मागवून घ्यायचे आणि चुकलेलं उदाहरण समोर ठेवून विचारायचे, "या पोराने असं का केलं असेल?" एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं अर्ध्या वर्गाने लिहिलेलं असायचं. मी लाल फुली मारून मोकळी होत असे. गुरुजी म्हणायचे, "फुली मारू नका. त्याच्या डोक्यात शिरा. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात मिळवलेत, कारण गुणाकारात आपणच त्याला तसं शिकवलंय." मी एक वही केली, चुकांची. डाव्या पानावर मुलाने काय लिहिलं, उजव्या पानावर त्याने तसं का लिहिलं असावं. निवृत्त झाले तेव्हा अशा सात वह्या भरल्या होत्या.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की ली शुलमन नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ साली नेमकं हेच मांडलं होतं. विषय येणं एक, शिकवण्याचं सर्वसाधारण तंत्र येणं दुसरं, आणि हा विषय या मुलाला कुठे अडतो, कोणत्या उदाहरणाने सुटतो हे कळणं हे तिसरंच ज्ञान आहे, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी शुलमनचं नाव ऐकलेलं असणं शक्य नव्हतं.

आणखी एका पुस्तकाने तर मला चकित केलं. लिपिंग मा या चिनी बाईंनी अमेरिका आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांच्या मुलाखती घेऊन १९९९ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शिक्षकांना विचारलेला एक प्रश्न होता : पावणेदोन भागिले अर्धा, हे सोडवा आणि त्याला साजेशी गोष्ट सांगा. माझंच उदाहरण! २३ अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही ते पूर्ण बरोबर सोडवता आलं नाही आणि योग्य गोष्ट फक्त एकाला सांगता आली. बरेच जण माझ्यासारखेच अर्ध्याने भागण्याऐवजी निम्मं करत बसले. ७२ चिनी शिक्षकांपैकी सगळ्यांनी ते सोडवलं आणि ६५ जणांनी साजेशी गोष्ट सांगितली. आता मुद्द्याची गोष्ट. अमेरिकी शिक्षक पदवीधर होते. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांचं शिक्षण नववीपर्यंतची शाळा आणि वर दोन-तीन वर्षांचं अध्यापक विद्यालय, एवढंच. पण नोकरीत लागल्यावर ते एकत्र बसून पाठ्यपुस्तक अभ्यासायचे, एकमेकांच्या तासाला बसायचे, आणि हे वर्षानुवर्षं चालायचं.

पदवीवरून भांडणाऱ्या दोन्ही पक्षांनी हे वाचावं. एक पक्ष म्हणतो, ज्याची पदवी ज्या विषयाची त्यानेच तो शिकवावा, बाकी सगळा घोटाळा. २००८ साली आमच्याकडे गणितात एम.एस्सी. झालेला एक हुशार मुलगा शिक्षक म्हणून आला. अपूर्णांक उलटा का करायचा, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. "उलटा करून गुणायचं, त्यात काय समजवायचं, मॅडम?" त्याला ते कधी अडलंच नव्हतं, म्हणून दुसऱ्याला का अडतं हे दिसत नव्हतं. माझ्या वह्या त्याने महिनाभर घरी नेल्या आणि पुढे तो माझ्यापेक्षा उत्तम शिक्षक झाला, कारण विषयाची खोली त्याच्याकडे होतीच.

दुसरा पक्ष म्हणतो, शिक्षकाला सगळं आलं पाहिजे, सहावी-सातवीचं गणित म्हणजे काय मोठं. हा पक्ष जास्त धोकादायक आहे, कारण सरकारही त्याच पक्षात आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी तीन प्रकारचे शिक्षक सांगितले : भाषा, सामाजिक शास्त्रं, आणि 'विज्ञान व गणित'. या शेवटच्या जोडीने माझ्यासारख्या हजारोंची सोय लावली. वनस्पतीशास्त्राची पदवी असली तरी कायद्याच्या दृष्टीने मी गणिताची शिक्षक. कागद पूर्ण, तपासणी अधिकारी समाधानी.

बरं, नोकरीत असताना प्रशिक्षणं झाली नाहीत असंही नाही. पोत्याने झाली. मूल्यमापन, मूल्यशिक्षण, आपत्ती व्यवस्थापन, तंत्रज्ञान. वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण करावं लागतं, 'निष्ठा' या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे व्हिडिओ पाहिले, प्रमाणपत्रं उतरवून घेतली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर शिक्षकाने दरवर्षी ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत असं सांगतं. तास मोजायला हरकत नाही. पण माझ्या सगळ्या नोकरीत एकाही प्रशिक्षणात मला कुणी विचारलं नाही, की बाई, तुम्ही गणित कुठवर शिकलात आणि आता कुठे अडता?

आता टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, विषय तापला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. पन्नाशीच्या जवळ आलेले माझे जुने सहकारी रात्री प्रश्नसंच सोडवताहेत. मला फोन करून लसावि-मसावि विचारतात. त्यांची तारांबळ बघवत नाही, तरी परीक्षेला माझा विरोध नाही. दीडशे गुणांच्या दुसऱ्या पेपरात गणित-विज्ञानाला ६० गुण आहेत आणि त्यात पर्याय निवडायचे असतात. पावणेदोन भागिले अर्धा याचा पर्याय मी १९९४ सालीही बरोबर निवडला असता. ज्याला येत नाही त्याला परीक्षा गाळू शकेल, पण त्याला शिकवणार कोण, हे या गडबडीत कुणीच बोलत नाही.

आयर्लंडने हे शिकवण्याचं काम केलं. २००९ साली लिमरिक विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा माध्यमिक शाळांत गणित शिकवणाऱ्यांपैकी ४८ टक्के शिक्षकांकडे गणित शिकवण्याची पात्रता नव्हती असं दिसलं. त्या शिक्षकांना हाकललं नाही, त्यांच्यावर परीक्षाही टाकली नाही. २०१२ पासून त्यांच्यासाठी नोकरी सांभाळून करायचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. खर्च सरकारचा. त्यात गणितही आणि गणित कसं शिकवायचं तेही. इंग्लंडात तर शिक्षक होण्याआधीच, ज्याची पदवी विषयाशी पुरती जुळत नाही त्याच्यासाठी ८ ते २८ आठवड्यांचे विषयज्ञानाचे वर्ग आहेत.

आणि फार लांब जायचं नसेल तर शेजारच्या मध्य प्रदेशात बघा. होशंगाबाद विज्ञान हा प्रयोग १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांत सुरू झाला, पुढे 'एकलव्य' संस्थेने तो वाढवला. तिथल्या कित्येक शिक्षकांनी विज्ञान धड शिकलेलं नव्हतं. त्यांना उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे, तेही सलग तीन वर्षं, विद्यार्थ्यासारखं बसवून प्रत्येक प्रयोग स्वतःच्या हाताने करायला लावत. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला बैठक, अडलेल्या गोष्टींवर. पुढे हा कार्यक्रम सुमारे हजार शाळांत पोहोचला. २००२ साली तिथल्या सरकारने तो बंद केला, हेही सांगायला हवं.

अकरा महिन्यांनी मी काय वेगळं करू लागले, तेही थोडं सांगते, नाहीतर हे सगळं रडगाणं वाटेल. शेकडेवारीचा धडा मी गोणपाटावर शिकवला. आमच्याकडे पेरणीआधी शेतकरी बियाण्याची उगवण तपासतात : शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी किती मोड आले ते बघायचं. प्रत्येक गटाला मी ज्वारीचे वेगवेगळे दाणे दिले, कुणाला २०, कुणाला २५, कुणाला ५०. एका गटाचे पन्नासातले ४३ उगवले, दुसऱ्याचे पंचविसातले २२. कुणाचं बियाणं चांगलं? भांडण जुंपलं. "आमचे ४३, तुमचे बावीसच!" मग एक मुलगा म्हणाला, शंभर असते तर किती, असं बघायला पाहिजे. ८६ आणि ८८. शेकडेवारीची व्याख्या मला लिहून द्यावी लागली नाही. त्या दिवशी माझी वनस्पतीशास्त्राची पदवी गणिताच्या तासाला कामाला आली. दुसऱ्या विषयातून आलेल्या माणसाकडे असं काहीतरी असतं. ते बाहेर यायला आधी नव्या विषयाची भीती जावी लागते आणि माझी भीती गुरुजींच्या ओसरीवर गेली. तोपर्यंत सहावीच्या दोन तुकड्यांनी, म्हणजे नव्वदेक मुलांनी, माझ्या शिकण्याची किंमत मोजलेली होती.

मी शासनाकडे मागते ते फार नाही. ज्याला पदवीबाहेरचा विषय द्यायचा, त्याला आदेशाबरोबर दोन वर्षांचं शिक्षण द्या. त्या काळात आठवड्याचे सहा-आठ तास कमी करा आणि ते वेळापत्रकात दाखवा. दर शनिवारी तालुक्याच्या महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि एखादे निवृत्त अनुभवी शिक्षक यांच्यापुढे त्याला बसवा. दोघेही हवेत, एकाकडे विषय आहे, दुसऱ्याकडे मुलांच्या चुका. मानधन दोघांनाही द्या, गुरुजींसारखं फुकटात राबवू नका. शेवटी त्याच्या वर्गात बसून त्याचा तास बघा आणि मगच प्रमाणपत्र द्या. ते सेवापुस्तकात नोंदवा. नववी-दहावीलाही हेच लागू करा, कारण टीईटीचा निकाल आठवीशीच थांबतो आणि बोर्डाचा पेपर दहावीला असतो.

असे शिक्षक किती आहेत हे शोधायला नवी समितीही नको. शाळांची सरकारी माहिती जिथे भरतात त्या यू-डायसच्या शिक्षकांच्या माहितीत आम्ही दरवर्षी भरून देतो, की कोणता विषय शिकवतो आणि गणित, विज्ञान, इंग्रजी कुठवर शिकलो. दोन रकाने शेजारी ठेवले की यादी तयार.

मी २०२३ च्या मे महिन्यात निवृत्त झाले. तोवर एकोणतीस वर्षं गणित शिकवलं होतं, त्यातली वीस वर्षं दहावीला. शेवटच्या वर्षीचा तो फॉर्म मीच भरला. शिकवत असलेला विषय : गणित. गणिताचं शिक्षण : दहावीपर्यंत.